बाबुरावांची चाल आणि शालनबाईंचं नाक

माणूस रस्त्यात पडला तर त्याला आधी उचलावं की आधी त्याचा वास घ्यावा, हा प्रश्न आपल्या समाजानं फार पूर्वीच निकालात काढला आहे. आधी वास. त्यातही पडलेला माणूस कुठल्या आळीतला यावर निदान ठरतं. वरच्या आळीतला असेल तर त्याला चक्कर आलेली असते, साखर कमी झालेली असते, नाहीतर निर्जळी उपास असतो. आमच्या आळीतला असेल तर त्याला चढलेली असते. त्यासाठी डॉक्टर लागत नाही, पानवालाही सांगतो.

खडकीचे बाबुराव रणपिसे आयुष्यभर या दुसऱ्या वर्गात पडत आले. अगदी शब्दशः पडत आले. त्यांची चाल तरुणपणापासूनच तशी होती. गुडघा वर, पाऊल फटकन खाली, चवडा जमिनीला घासत, आणि वळताना भिंतीला हात. नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात, त्यामुळे विनोद करणाऱ्यांना वेगळी मेहनतही नव्हती. "बाबुराव आज कामावरनंच भरून आलेत!" हा एकच विनोद त्यांनी निवृत्त होईपर्यंत ऐकला. कारखान्यानं नवनवीन माल काढला, विनोद मात्र तोच राहिला.

आणि माणूस कसा? वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून घरात रोज सकाळी पंचशील. पाचवं शील मद्य न घेण्याचं. बाबुराव ते इतकं मोठ्यानं म्हणायचे की क्वार्टर्समधल्या लोकांना तोही पुरावाच वाटायचा. "एवढं ओरडून कशाला सांगतोय? काहीतरी आहे."

लोकांचं सोडा. लोक म्हणजे लोक. पण घरात शालनबाई होत्या. लग्न होऊन क्वार्टरमध्ये आल्या आल्या शेजारणींनी त्यांच्या कानात ते ओतलं, आणि दुसऱ्याच दिवसापासून शालनबाईंनी दारात नवऱ्याचं तोंड हुंगायला सुरुवात केली.

"अहो, हा करा."

"हाऽऽ."

वास नाही. शालनबाईंचा जीव भांड्यात पडायचा. पण शेजारीण वस्ताद होती. म्हणाली, "शालन, मशेरी लावून लावून तुझं नाक मेलंय. तुला वास येणार कुठनं?" झालं! मशेरी सुटली, शंका सुटली नाही. पुढं पन्नास वर्षं रोज संध्याकाळी दारात 'हा' होत राहिला. वास कधी आला नाही, आणि न आलेल्या वासाचा अर्थ काय लावायचा, ते शालनबाईंना कधी ठरवता आलं नाही.

मुलगा प्रज्ञेश मोठा झाला आणि त्याचीही चाल हळूहळू वडिलांसारखी झाली. मग दारात दोन 'हा' व्हायला लागले. आज हा प्रज्ञेश सेहेचाळीस वर्षांचा आहे, सरकारी कार्यालयात कामाला आहे, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा बाप आहे, आणि अजून रोज संध्याकाळी चपला काढण्याआधी आईसमोर तोंड उघडतो. बायको आम्रपाली म्हणते, "टोलनाक्यावर निदान पास तरी मिळतो."

गेल्या वर्षी प्रज्ञेश सोसायटीच्या जिन्यात आपटला आणि आम्रपालीनं त्याला ओढून सदाशिव पेठेतल्या एका नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पायात सुया टोचल्या, विजेचे झटके दिले, बोटं पाहिली, पोटऱ्या पाहिल्या, आणि विचारलं, "घरात आणखी कुणाचे पाय असे आहेत?"

"वडिलांचे. पण ते पितात असं लोक म्हणतात."

"पितात का?"

"नाही."

"मग लोकांना माझ्याकडे पाठवा," बाई म्हणाल्या. पुण्यात तपासणी फी घेऊनही चार शब्द सुनावतात, पण हे चार शब्द प्रज्ञेशला प्रसादासारखे वाटले.

आजाराला तीन साहेबांची नावं होती, शार्को, मारी आणि टूथ. पिढीजात. पायाच्या नसा हळूहळू वाळतात, पोटऱ्या खालून बारीक होतात. बाई म्हणाल्या, "पुस्तकात याला उलट्या बाटलीसारखे पाय म्हणतात." म्हणजे बघा, रणपिशांच्या घरात बाटली होती ती एवढीच, आणि तीही उलटी.

प्रज्ञेश उडत घरी आला. उडत म्हणजे त्याच्या पद्धतीनं, दोनदा ठेचकाळत. रिपोर्ट आईपुढं ठेवला. "आई, नसांचा आजार आहे! मला आहे, अण्णांना आहे! पिण्याशी काही संबंध नाही!"

बाबुराव कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बायकोकडे पाहिलं.

शालनबाईंनी शांतपणे मेथी निवडली. म्हणाल्या, "आजार असेल. पण आजारी माणूस पीत नाही असं कुठं लिहिलंय यात? दोन्ही असू शकतं."

आता या वाक्याला उत्तर नाही. वकील नेमला तरी नाही. बाबुरावांनी चष्मा पुन्हा काढला आणि या खेपेला तो घातलाच नाही.

हे असंच चाललं असतं, पण विहाराच्या मंडळींनी लग्नाला पन्नास वर्षं झालेल्या जोडप्यांचा सत्कार काढला. नवऱ्याबद्दल बायकोनं दोन शब्द बोलायचे. बाबुरावांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोकडं काही मागितलं. "एवढंच म्हण, की यांनी कधी घेतली नाही. बाकी काही म्हणू नकोस."

शालनबाईंनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "कष्ट केले म्हणेन. मारलं नाही कधी म्हणेन. पोरं शिकवली म्हणेन. पण बुद्धांच्या मूर्तीसमोर जे मला माहीत नाही ते खात्रीनं कसं म्हणू?"

"मग मी येत नाही," बाबुराव म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

शालनबाईही रात्रभर कुशीवर कुशी बदलत राहिल्या. खोटं बोलणारी बाई असती तर सगळं सोपं होतं. दुर्दैवानं घरात सगळेच खरे निघाले.

इथं प्रज्ञेशच्या डोक्यात ती कल्पना आली. सोपी होती, म्हणूनच घातक होती. वडिलांच्या आणि त्याच्या नसा एकच. आपण एकदा पिऊन बघायचं. एका पेगात जर आपल्याला तीन मजले चढता आले नाहीत, तर तसल्याच पायांनी कारखान्यातून रोज चालत येऊन जिना चढणारा बाप पिणारा असूच शकत नाही. सिद्ध! त्यासाठी पाचवं शील एकदा मोडावं लागेल. बापासाठी मोडू. पुन्हा जोडू.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. "मॅडम, मला किती चढेल?"

"घेऊ नका," बाई म्हणाल्या. "जास्त दारूनं धडधाकट माणसाच्या नसा जातात, तुमच्या आधीच गेल्यात. तुमच्या पायांकडून डोक्याला खबर येत नाही, तुम्ही डोळ्यांवर आणि डोक्यातल्या तोलावर चालता. दारू आधी तोच तोल काढून घेते. कशासाठी घ्यायचीय?"

"आईसाठी."

"घेतलीच तर लहान, एकदाच, बसून, आणि सोबत शुद्धीतला माणूस," बाई म्हणाल्या. "आणि जिन्याच्या जवळ जाऊ नका."

प्रयोग तर जिन्याचाच होता. पण तो भाग प्रज्ञेशनं सांगितला नाही.

मुलगी पूर्वा संख्याशास्त्र शिकते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, तुमचा सँपल साइज एक आहे. आणि कंट्रोल कुठंय? नॉर्मल पायांचा माणूस तेवढीच पिऊन चालला पाहिजे ना, कंपेअर करायला?"

नॉर्मल पायांचा माणूस तयारच होता. कार्यालयातला रविराज. त्यानं विज्ञानासाठी स्वतःला तत्काळ वाहून घेतलं. "भावा, तू एक घे, मी एक घेतो. मैत्रीत एवढं नाही करायचं तर मैत्री कशाला?" डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. शुद्धीतला माणूस सोबत असावा ही अट त्या पाण्यात वाहून गेली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

रविवारी दुपारी दोघं बाजारातल्या एका परमिट रूममध्ये गेले. प्रज्ञेश पडला पद्धतशीर माणूस. आधी न पिता किती झोकांड्या जातात ते नोंदवायला हवं म्हणून तो टेबलापासून बेसिनपर्यंत फरशीच्या रेघेवरून चालून आला. एका खुर्चीला धडकला, एका गिऱ्हाइकाच्या शेंगदाण्यांत हात टेकला, बेसिन धरून वळला, परत आला. बसला. म्हणाला, "दोन पेग. लहान."

वेटर हलला नाही. अदबीनं वाकून म्हणाला, "साहेब, मालक म्हणतायत, तुम्हाला आता देऊ नका. बरीच झालीय."

"अहो, मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही!"

"सगळे तेच म्हणतात साहेब. रिक्षा बोलवू?"

गल्ल्यावरचा मालकही उठून आला. सज्जन माणूस. प्रज्ञेशच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "घरी बायकोमुलं आहेत ना? मग? जा घरी. लिंबूपाणी घ्या." पुणे शहरात दारूच्या दुकानातून दारुडा म्हणून बाहेर काढलेला पहिला निर्व्यसनी माणूस होण्याचा मान प्रज्ञेश रणपिसे यांच्याकडे जातो. फुटपाथवर उभं राहून त्याला इतका अपमान वाटला, की घ्यायची थोडीफार भीती होती तीही गेली.

दुसऱ्या ठिकाणी रविराजनं रिक्षा थेट दाराला लावली आणि त्याला धरून पहिल्याच टेबलावर बसवलं. "उठू नको. हलू पण नको."

पण इथं प्रज्ञेशला परवान्याची आठवण झाली. पिण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि तो एक दिवसाचाही मिळतो, हे त्यानं वाचून ठेवलं होतं. घटना मानणारा माणूस. शील मोडतोय ते मोडतोय, कायदा कशाला मोडा?

"काय पाहिजे?" मालकानं दोनदा विचारलं.

"परवाना. एका दिवसाचा."

मालकानं रविराजला बाजूला घेतलं. "एक्साइजचे आहेत का हो?"

"नाही हो. असाच आहे तो. चांगल्या घरचा आहे."

मालकानं कपाटावरून धूळ खात पडलेलं पुस्तक काढलं, फुंकर मारली, शिंकला, बॉलपेन शोधलं, ते चाललं नाही, दुसरं शोधलं. तोवर आजूबाजूची सगळी गिऱ्हाइकं ग्लास खाली ठेवून अस्वस्थ बसली होती. त्यांच्यापैकी कुणाकडेच परवाना नव्हता आणि हे त्यांना आजच कळलं होतं. दोघं तर बिल मागून निघूनही गेले. प्रज्ञेशनं परवाना वाचला. दारू बाळगायची आणि प्यायची परवानगी होती आणि कारण छापलेलंच होतं, आरोग्य राखण्याकरिता. डॉक्टर म्हणतात आरोग्यासाठी घेऊ नका, सरकार म्हणतं आरोग्यासाठीच घ्या. मध्ये आपण, नसा वाळलेले.

ग्लास आला. प्रज्ञेशनं मनातल्या मनात बापाची क्षमा मागितली आणि प्यायला. चव खोकल्याच्या औषधाची, फक्त खोकला नसताना. जगातली एवढी घरं यासाठी बुडाली? यापेक्षा उसाचा रस का नाही बुडवत?

कंट्रोलनं आपला ग्लास एका दमात संपवला. म्हणाला, "भावा, मला काहीच झालं नाही. म्हणजे कंपेअर कसं करणार? मला थोडं व्हायला पाहिजे ना." शास्त्रीय मुद्दा होता. त्यानं दुसरा मागवला. मग तिसरा, खात्रीसाठी. चौथा का मागवला ते विज्ञानालाही माहीत नाही.

इकडे प्रज्ञेश शेंगदाणे खात बसला होता आणि त्याला समजत होतं की बाई खऱ्या होत्या. एका लहान पेगात त्याचं डोकं एखाद्या रिकाम्या पिपासारखं डुलायला लागलं होतं. पाय टेबलाखाली होते, एवढं आठवत होतं, पण किती आणि कुणाचे, याची खात्री देता येईना. तो उठला आणि लगेच बसला. पुन्हा उठला आणि भिंतीला चिकटला. आनंदानं त्याचा ऊर भरून आला. प्रयोग यशस्वी! या पायांनी तीन मजले? एक पायरी चढली तर शपथ!

पण चढायचं कुणाला होतं? कंट्रोल टेबलावर डोकं ठेवून रडत होता. "तुझे अण्णा देवमाणूस आहेत रे. माझा बाप खरंच प्यायचा. त्याला कुणी काही म्हणायचं नाही, सरळ चालायचा ना."

प्रज्ञेशनं त्याच्याकडे पाहिलं. मग त्यानं त्याला उठवलं. दोघांना मिळून चार पाय, त्यातले धडधाकट दोन कामाला नाहीत आणि बिघडलेले दोन कामावर. रिक्षानं सोसायटीपर्यंत आणलं. पुढं तीन मजले. लिफ्ट नाही.

आणि इथं सगळा घोटाळा झाला. एकटा असता तर प्रज्ञेश पहिल्याच पायरीवर कोसळला असता आणि सिद्धांत सिद्ध झाला असता. पण खांद्यावर रविराज होता. त्याला सोडून पडायचं कसं? प्रज्ञेशनं एका हातानं कठडा आवळला, डोळे पायरीवर रोवले, गुडघा उचलला, पाऊल बघून ठेवलं, थांबला, दुसरं ठेवलं. आयुष्यात इतकं जपून तो कधी चालला नव्हता. पाऊल वाजलं नाही, झोकांडी गेली नाही.

दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी सुखदेवराव दार उघडून उभे होते. गेल्या गणपतीत प्रज्ञेशच्या दाराखालून व्यसनमुक्ती शिबिराचं पत्रक सरकवणारे ते हेच. त्यांनी डोळे भरून पाहिलं आणि हात जोडले.

"वा, प्रज्ञेशराव! वा! काय सरळ चालताय आज! सोडलीत ना? चेहराच सांगतोय. आणि नुसते सुटला नाहीत, दुसऱ्यालाही सोडवताय!" मग आत तोंड करून ओरडले, "अहो तेजस्विनी, या, बघा तरी!"

तेजस्विनीबाई आल्या, पदराला हात पुसत. "बाई बाई! किती शांत चाललेत! मी म्हणत नव्हते, माणूस मनावर घेतो तेव्हा सुटते."

बाई टाळ्याही वाजवायला लागल्या.

सेहेचाळीस वर्षं एक थेंब न घेता दारुडा, आणि एकदा घेतली त्या दिवशी निर्व्यसनी! प्रज्ञेशच्या तोंडाशी पुण्यातल्या सगळ्या पेठांमधल्या शिव्या आल्या, पण तोंड उघडलं तर वास येईल म्हणून त्यानं त्या गिळल्या. आणि त्याच वेळी त्याला दुसरी गोष्ट कळली. आपण चढलो. पिऊन चढलो, आणि न पिता चढतो त्याहून बरे चढलो. म्हणजे अण्णाही पिऊन चढले असतील असं आई म्हणू शकते. शील मोडलं आणि बापाला आपल्याच हातानं गुन्हेगार केलं.

तिसऱ्या मजल्यावर त्यानं रविराजला भिंतीला टेकवलं आणि बेल वाजवली. शालनबाईंनी दार उघडलं. प्रयोगाचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीसारखं, सवयीनं, जराही न बघता म्हटलं, "हा कर."

प्रज्ञेशनं मान खाली घातली. "आई, आज नको."

"हा कर म्हणते ना."

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं! त्यानं तोंड उघडलं. "हाऽऽ."

शालनबाई मागे सरकल्या. मग पुढं आल्या. पुन्हा हुंगलं.

"अहो," त्या ओरडल्या, "अहो, इकडं या! लवकर या!"

बाबुराव काठी टेकत आले. "काय झालं? पडला का?"

"वास आला."

"कसला?"

"दारूचा! याच्या तोंडाला! दारातनंच आला, लांबनंच आला!" शालनबाईंनी स्वतःच्या नाकाला हात लावला. "माझं नाक चांगलं आहे हो. मेलेलं नाहीये. पहिल्यापासून चांगलं आहे."

बाबुराव बघत राहिले. त्यांना समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांनी काठी भिंतीला लावली आणि दारातल्या स्टुलावर सावकाश बसले. शालनबाई त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि लुगड्याचा पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "रोज हुंगत होते मी. रोज! कधी आला नाही, कारण तो नव्हताच. आणि मी..."

"असू दे," बाबुराव म्हणाले.

"असू दे काय असू दे?"

"रोज दारात वाट बघत उभी असायचीस ना? किती जणांची बायको उभी असते?"

आम्रपाली आतून आली, तिनं हे सगळं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, भिंतीवरून घसरणाऱ्या रविराजकडं पाहिलं, आणि म्हणाली, "यांच्या प्रयोगाचा निकाल काय लागला ते उद्या ऐकते. आधी लिंबू कापते." अशी बायको मिळायला माणसाच्या मागच्या पिढ्यांनी काहीतरी चांगलं केलेलं असतं. बापानं नसा खराब दिल्या, पण ते पुण्यही त्यानंच दिलं असणार.

सत्काराला बाबुराव सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले. विहारात शालनबाईंना माईक दिला. त्यांनी तो उलटा धरला, कुणीतरी सरळ केला. त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यानं कधीही दारू घेतली नाही. मला माहीत आहे." बस, एवढंच. कष्ट, पोरं, शिक्षण सगळं राहिलं. लोकांना वाटलं, म्हातारी घाबरली. पहिल्या रांगेतल्या बाबुरावांनी मात्र चष्मा काढला, पुसला आणि घातला.

मग सगळ्यांनी उभं राहून पंचशील म्हटलं. पाचव्या शीलापाशी प्रज्ञेशचा आवाज बसला. शेजारून बापाचं कोपर बरगडीत आलं.

"मोठ्यानं म्हण," बाबुराव कुजबुजले. "तू मोडलंस म्हणून माझं शाबूत राहिलं. आता पुन्हा घे."

प्रज्ञेशनं मोठ्यानं म्हटलं. पुन्हा कधी मोडायचं नाही हेही तेव्हाच ठरलं. चव आवडली नव्हती, त्यामुळे त्यागाचं श्रेय फारसं घेता येणार नाही.

कार्यक्रम संपून बाहेर पडताना गर्दीत बाबुरावांचं पाऊल पायरीवर अडकलं आणि त्यांची झोकांडी गेली. गळ्यातला हार तिरका झाला. प्रज्ञेश धरायला धावला, त्याचीही गेली. बाप-लेक एकमेकांना धरून उभे. टपरीवरून कुणीतरी म्हणालंच, "सत्काराच्या दिवशी पण? आणि जोडीनं?"

शालनबाई थांबल्या. वळल्या. बाजाराच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून त्यांनी त्या माणसाला बोटानं बोलावलं. "या. इकडं या. जवळ या." तो हसत हसत आला. शालनबाईंनी त्याची मानगूट धरली आणि त्याचं नाक थेट नवऱ्याच्या तोंडासमोर आणून ठेवलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "हा करा."

आणि बाबुरावांनी पन्नास वर्षांत केला नव्हता एवढा मोठा 'हा' केला.